धंदा बदला, पण जुनी वही फेकू नका

आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, घ्यायचा तर संत्र्याचं पाणी डिसेंबरातच तोडावं लागतं. झाडं मलूल होऊ द्यायची, पानं थोडी गळू द्यायची आणि जानेवारीत एक दिवस ठरवून पाणी सोडायचं. नेमक्या त्याच दिवशी कोणाची तरी बोरमधली मोटार जळते. रात्री साडेनऊला माझ्या दारापुढे ट्रॅक्टरची ट्रॉली थांबते, मागे ओली केबल लोंबकळत असते, आणि मालक खाली उतरायच्या आधीच म्हणतो, "भाऊ, सकाळी पायजे."

हे मी एकोणीस वर्षं केलं. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात एका गावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. पाटीवर 'रिवायंडिंग' लिहिलंय, पण आमच्याकडे लोक मोटार 'भरून' नेतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून नेतात. आता मी चव्वेचाळीसचा आहे आणि माझी निम्म्याहून जास्त कमाई सोलर पंपांच्या दुरुस्तीतून येते. हे बदलायला मला तीन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष माझ्याच चुकांमुळे गेलं. ते तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय. तुमचा धंदा मोटारीचा नसला तरी बरंचसं लागू पडेल.

बदलायचं का, हा प्रश्न मला पडलाच नाही. चाळिशी लागली तसा बारीक गेजच्या तारेचा वेढा डोळ्यांना दिसेना. तांब्याचा भाव असा चढला की पाच एचपीची मोटार भरण्याचा खर्च ऐकून माणूस म्हणायचा, "मंग थोडे टाकून नवीच घेतो ना." आणि 2019 मध्ये केंद्राची सोलर पंपांसाठीची कुसुम योजना आल्यावर शिवारात निळे पॅनेल दिसायला लागले. विहिरीवरची साधी मोटार गेली की माझं एक गिऱ्हाईक गेलं, असा मी हिशेब करायचो. तो चुकीचा होता, हे मला माझ्या बायकोनं दाखवलं.

वही काढा

दुकानाची वही तीच लिहिते, कारण माझ्या हाताला कायम वार्निश. एका पावसाळ्यात काम नव्हतं, तेव्हा तिनं मागच्या वर्षाची वही घेऊन बोट ठेवत ठेवत मोजलं. नोंदी 231. त्यातल्या पूर्ण मोटार भरलेल्या 88. ती म्हणाली, "आवं, तुमी तर निम्म्या वेळा मोटार भरलीच नाही."

बाकीच्या नोंदी काय होत्या? कपॅसिटर गेला. स्टार्टरचे पॉइंट जळले. केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं. पंपात वाळू अडकली. मोटार उलटी फिरत होती. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून, तीन फेजपैकी (विजेच्या लाइनींपैकी) एक येतच नव्हता. म्हणजे लोक मला मोटार भरायला बोलवत होते असं मला वाटायचं, आणि ते बोलवत होते पाणी का येत नाही ते शोधायला. तार भरणं हा त्या शोधाचा एक शेवट होता, तोही तीनातून एकदाच.

म्हणून पहिलं काम हे करा. वही नसेल तर मागच्या सहा महिन्यांचे फोन आठवा. लोक तुम्हाला कशाला बोलावतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'मी शिंपी आहे' असं लिहू नका. 'लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाऊज ढिला होतो तेव्हा माझ्याकडे येतात' असं लिहा. माझा साळा व्यापाऱ्यांबरोबर बागा पाहत फिरायचा. झाडाकडे बघून यात किती माल आहे हे सांगायचा, आणि तो आकडा बहुतेक वेळा जवळपास बरोबर निघायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, मी हमालीच करतो. आज तो एका पॅकिंगच्या ठिकाणी संत्र्याची प्रतवारी सांभाळतो. त्याची नजर आधीपासूनच विकत घेण्याजोगी होती, फक्त त्यानं तिला कधी नाव दिलं नव्हतं.

माझ्या कामात ती नजर कशी असते ते सांगतो, कारण 'अनुभव' हा शब्द फार मोघम आहे. विहिरीवरची जळालेली मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेली) उघडली की मी आधी हात लावत नाही, बघतो. तीन फेजच्या कॉइलचे गट आळीपाळीनं बसलेले असतात. दोन फेजचे गट काळे ठिक्कर आणि तिसऱ्याचे तांब्यासारखे लखलखीत दिसले, तर स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलचं एक टोक एकत्र बांधलेल्या) मोटारीला एक फेज मिळाला नाही आणि ती दोनावरच गुरगुरत राहिली. सगळेच गट सारखे तपकिरी झाले असतील, तर लोड जास्त होता किंवा व्होल्टेज कमी. सगळं ठीक आणि एकाच स्लॉटच्या, म्हणजे तार बसवायच्या खाचेच्या, तोंडाशी भोक, तर तिथला इन्सुलेशनचा पेपर फाटला होता. हे ओळखलं नाही आणि नुसती मोटार भरून दिली, तर ती आठ दिवसांत परत येते आणि शिव्या माझ्या नावानं.

सोलरवर मोटार अशी सहजासहजी जळत नाही, पॅनेल आणि मोटार यांच्या मधला डबा, कंट्रोलर, तिला आधीच थांबवतो. म्हणजे माझा तो शेवटचा तुकडा, भरणं, निकामी झाला. पण आधीचा सगळा शोध तसाच लागतो.

जुनी सवय कुठे चावेल, तेही लिहा

हे कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, तुमचा अनुभव कामी येईल. येतो. पण तोच अनुभव चटकाही देतो.

माझा पहिला सोलरचा बिघाड. दुपारचे बारा, दहा पॅनेल एका ओळीत, पंप चालू. मी खिशातला क्लॅम्प मीटर (वायरीला जबडा अडकवून करंट मोजायचा) काढला, पॅनेलच्या वायरीवर अडकवला. शून्य. परत पाहिलं. शून्य. मनात म्हटलं, करंट नाही, लाइन मेली आहे. आणि पॅनेलचा कनेक्टर ओढला.

फट्‌ असा आवाज, आणि पांढरी ज्योत. विझेचना. कनेक्टरचं प्लास्टिक वितळून अंगठ्याला चिकटलं. पुढचे तीन आठवडे मला कॉइल धरता आली नाही.

झालं काय होतं? माझा मीटर एसीचा. त्याचा जबडा म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मरच, आणि ट्रान्सफॉर्मरला डीसी कळत नाही. एकोणीस वर्षं तारेचे वेढे घालणाऱ्या माणसाला हे कळायला नको? कळत होतं. पण हात सवयीनं चालतो. दुसरं असं की घरच्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्पार्क पडला तरी विझतो. डीसीला तो श्वासच नाही. पाचशेच्या आसपास व्होल्ट असताना चालू लाइन तोडली की ज्योत ओढली जाते, ताणली जाते आणि पेटतच राहते.

तर वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी करा: माझ्या कोणत्या सवयी नव्या कामात उलट्या पडतील? माझी यादी अशी झाली. एसीचा मीटर पिशवीतून काढून टाकणे. आधी डीसीचा आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) बंद, मगच कनेक्टर. कंट्रोलर बंद केल्यावर आत साठलेला चार्ज उतरायला निदान पाच मिनिटं थांबणे. आणि सगळ्यात अवघड: 'लाइन बंद कर रे' असं ओरडून भागत नाही, कारण सूर्य बंद करता येत नाही. पॅनेलच्या जोडणीचं काम असेल तर मी ते सकाळी उन्हाआधी करतो, नाहीतर वर ताडपत्री टाकतो.

अजून एक गोष्ट मला उलटी शिकावी लागली. मे महिन्यात 45 अंश तापलं की शेतकरी म्हणतो, "ऊन तर लय हाय, मंग पाणी काहून कमी?" मलाही आधी तसंच वाटायचं. पॅनेल उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. त्याची ताकद 25 अंशांना मोजलेली असते, आणि काच तापली की दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के कमी होत जाते. भर दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेलं की सहा-सात भागांतला एक भाग गेला. हे मी आता पाटीवर खडूनं लिहून समजावतो.

उडी नको, मधली फळी शोधा

मोटारीवरून मी थेट सोलर पंपाकडे गेलो नाही. मधे झटका मशीन आलं. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्या त्रासानं आमच्याकडे कुंपणाला झटका मशीन लावतात: एक पॅनेल, 12 व्होल्टची बॅटरी आणि एक डबा, जो तारेत सेकंदाला साधारण एक बारीक झटका सोडतो. जनावर दचकतं, मरत नाही. त्यातले निम्मे बिघाड मशीनचे नसतातच. तारेला गवत टेकलेलं असतं, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगची जमीन कोरडी ठक्क झालेली असते. अर्थिंग मला पाठ होतं. पैसे थोडे मिळायचे, पण पॅनेल, बॅटरी, चार्जिंग हे सगळं कमी व्होल्टेजवर, अंगठा न जाळता शिकता आलं.

(काही लोक झटका मशीनऐवजी कुंपणात थेट मेन लाइनचा करंट सोडा म्हणतात. मी ते काम घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याबरोबर चहाही पीत नाही. त्यानं माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे.)

तुमची मधली फळी कोणती, ते पाहा. जुन्या कामाची ऐंशी टक्के माहिती लागेल आणि वीस टक्के नवी असेल, असं काहीतरी. कृषी केंद्रात काउंटरवर बसणारा ठिबकची जोडणी शिकू शकतो. बागेचं मोजमाप आणि मालकाची ओळख त्याच्याकडे आहेच.

शिक्षण आणि कागद

मी दहावी आणि आयटीआयचा वायरमन. नुसत्या हातावर आता कंपन्या काम देत नाहीत, कागद मागतात. सोलरसाठी 'सूर्यमित्र' नावाचा अभ्यासक्रम आहे. 2015 पासून चालू आहे, 600 तासांचा, साधारण तीन महिने निवासी. माझ्या भाच्याला मी तो करायला लावला. मला दुकान सोडून तीन महिने जाणं शक्य नव्हतं. तो शनिवारी फोनवर काय शिकला ते सांगायचा आणि मी त्याला म्हणायचो, हे असं नाही, प्रत्यक्षात असं होतं. दोघांचंही शिक्षण झालं.

तुम्हाला कमी दिवसांत काही हवं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. तिथे राहणं-जेवण-शिकणं फुकट. आणि ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. आरपीएल म्हणून विचारा. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी आधारवर होते आणि तिला एक पैसा लागत नाही. तालुक्याला टेबल टाकून बसलेले लोक पाचशे मागतात, देऊ नका.

शिकायची वेळ मात्र धंद्याच्या मोसमाप्रमाणे ठरवा. माझ्याकडे जुलै ते सप्टेंबर दुकान ओस असतं. दोन पावसाळे मी फक्त शिकलो. जानेवारीत शिकायला गेलो असतो तर घरची चूल थंड झाली असती.

पैसा

जुनं दुकान लगेच बंद करू नका. मी दोन पूर्ण वर्षं दोन्ही कामं केली आणि वहीत दोन शाई वापरल्या: मोटारीला निळी, सोलरला लाल. लाल शाईची महिन्याची बेरीज सलग सहा महिने निळीपेक्षा जास्त दिसली, तेव्हाच वाइंडिंगचा एक कारागीर कमी केला. तोही माझ्याच कामावर आला, पंप ओढायला.

हत्यारांना माझे 23 हजार गेले. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, कनेक्टर दाबायचा चिमटा, रबरी हातमोजे. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), पान्हे, पाइप ओढायची घोडी, साखळी हे जुनंच. मुद्रा योजनेत शिशू गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण हत्यारांसाठी मी कर्ज काढलं नाही. काढायचं तर जुन्या धंद्याच्या कमाईवर हप्ता बसतो का ते पाहा, नव्या धंद्याच्या स्वप्नावर नको.

कर्जापेक्षा मला महाग पडली ती एक एजन्सी. नाव घेत नाही. दर पंपाला ठरावीक रक्कम, बोलणं गोड, मी चौदा पंपांची फिटिंग करून दिली. पैसे सात महिने अडकले. मी फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. जुन्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं, कारण मोटार माझ्या ओट्यावर असायची; पैसे द्या आणि न्या. नव्या धंद्यात माल त्यांच्या शेतात आणि मी रस्त्यावर. आता पाया झाला की एक हप्ता, पॅनेल बसले की दुसरा, पाणी आलं की तिसरा, आणि हे मोबाईलवर का होईना लिहून घेतो. तिसरा हप्ता अडकला तरी चालतो. तिन्ही अडकले की चालत नाही.

कामाला तोटा नाही, हे मात्र खरं. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला 10 टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर 7.5. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराकडे. म्हणजे आत्ता त्यांना गावात हात पाहिजे, आणि पाच वर्षांनंतर शेतकऱ्याला पाहिजे. आधीच्या योजनांतले पहिले पंप या पाच वर्षांतून बाहेर यायला लागलेत. मी त्यांची गाववार यादी केली आहे.

आणि जिथे बसणार नाही तिथे नाही म्हणायला शिका. आमच्याकडे सहाशे-आठशे फुटांचे बोर आहेत. तेवढ्या खोलीवरून संत्र्याला पुरेल इतकं पाणी 7.5 एचपीचा सोलर पंप ओढणार नाही. मी तसं तोंडावर सांगतो. दोन गिऱ्हाइकं रागावून गेली. त्यातलं एक विहिरीवरच्या पंपासाठी परत आलं.

न दिसणाऱ्या कामाचा दर

हे मला अजून नीट जमत नाही, म्हणून शेवटी ठेवलं. मोटार भरली की शेतकऱ्याला तांबं दिसतं. वजन दिसतं. पाच हजार कशाचे ते त्याला कळतं. बिघाड शोधल्याचं काहीच दिसत नाही.

मागच्या फेब्रुवारीत एका बाबांचा फोन आला. नवा पंप, विहीर भरलेली, "पाणी करंगळीएवढं येऊन राह्यलं." कंपनीचा पोरगा आदल्या दिवशी येऊन कंट्रोलर खराब आहे, बदलावा लागेल, पंधरा दिवस लागतील असं सांगून गेला होता. बाग फुलावर. मी डिलिव्हरीच्या पाइपाला हात लावला. पंप जोर करत होता, घरघर वेगळी होती, पाण्याला ढकल नव्हती. उलटा फिरणारा पंप असाच वाटतो. पाणी देतो, पण नावाला. कंट्रोलर बंद केला, बाबांनी आणलेला चहा होईपर्यंत थांबलो, आणि मोटारीकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी दोन अदलाबदल केल्या. पंप चालू केला. पाइप एकदम ताठ झाला आणि हौदात पाणी आदळलं.

मी पाचशे सांगितले. बाबा म्हणाले, "दोन वायरा तर इकडच्या तिकडं केल्या तू. याचे पाचशे?"

तेव्हापासून मी असं करतो. जाताना 200 लिटरचा ड्रम घेऊन जातो. काम करायच्या आधी ड्रम भरायला किती वेळ लागतो ते मालकाच्याच मोबाईलवर त्यालाच मोजायला लावतो. एका चिठ्ठीवर तारीख, वेळ, ऊन कसं आहे, व्होल्ट, अँपिअर आणि ड्रमचा वेळ लिहितो. काम झाल्यावर परत ड्रम लावतो, परत त्यालाच मोजू देतो आणि दुसरी ओळ लिहून चिठ्ठी त्याच्या हातात देतो. येण्याचे पैसे वेगळे, शोधण्याचे वेगळे, सामान वेगळं, तिन्ही चिठ्ठीवर. सव्वा मिनिटात भरणारा ड्रम चार मिनिटं घेत होता आणि आता परत सव्वावर आला, हे ज्यानं स्वतः मोजलं तो सहसा घासाघीस करत नाही.

बाबांनी त्या दिवशी तीनशे दिले आणि वर एक पोतं संत्री. बहार चांगला निघाल्यावर उरलेले दोनशे पाठवले, नातवाच्या फोनवरून.